पाच पुलांचा रस्ता आणि दुचाकीचे शिक्षण

तंजावरहून उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे गाव वसले आहे. वाटेत वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी अशा पाच नद्या ओलांडाव्या लागतात. 'ऐयारु' म्हणजे पाच नद्या. गावाचे नावच त्यावरून पडले आहे. संत त्यागराजांनी १८४७ साली येथे देह ठेवला. तेव्हा तंजावरास भोसल्यांचे राज्य होते, म्हणून मराठी वाचकास हे स्थळ अगदीच परके वाटू नये. पौष वद्य पंचमीच्या सुमारास त्यांच्या समाधीपाशी आराधनेचा उत्सव भरतो आणि दूरदूरचे गायक-वादक तेथे गोळा होतात.

परंतु आज आपले लक्ष संगीताकडे नसून रस्त्याकडे आहे. आराधनेचा काळ आणि सांबा भाताच्या कापणीचा हंगाम जवळपास एकच. कापलेले भात डांबरी रस्त्यावर वाळत घालण्याची चाल कावेरीच्या खोऱ्यात आढळते. शेतकऱ्याला तापलेले, सपाट अंगण आयतेच मिळते, त्याला दोष तरी कसा द्यावा? मोटारसायकलस्वाराच्या दृष्टीने मात्र तो रस्ता राहत नाही. दाणे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात आणि घाबरून पुढचा ब्रेक आवळला की गाडी क्षणार्धात आडवी होते. जाणता स्वार भात दिसताच, त्यावर जाण्यापूर्वी, वेग उतरवितो. मग हँडल सरळ ठेवून, ब्रेकला हात न लावता, सावकाश पार होतो. पुलाच्या सांध्यांवर पावसाचे पाणी असले, तरी हाच नियम लागू पडतो.

हे ज्ञान परवान्याबरोबर मिळते काय? तामिळनाडूत दुचाकीचा परवाना मागणाऱ्यास पाय न टेकता इंग्रजी आठाच्या आकड्यावरून गाडी फिरवून दाखवावी लागते. 'आठ काढणे' हा तेथे तरुणांच्या आयुष्यातील एक लहानसा संस्कारच होय. ही परीक्षा निरुपयोगी नाही; तिच्यात तोल आणि क्लचवरील ताबा कळतो. पण आठ काढला जातो तो चालण्याच्या वेगाने. गल्लीतून अचानक बैलगाडी पुढे आली असता काय करावे, हे त्यात कोठेच येत नाही. ब्रिटनमध्ये १९९० पासून नवशिक्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे आहे, आणि २००९ पासून ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता एकाएकी गाडी थांबविण्याची कसोटीही द्यावी लागते. आपल्याकडे ही उणीव घराघरांनी भरून काढावी, असे आम्हांस वाटते.

थांबण्याचा हिशोब एकदा तरी मांडून पाहावा. ताशी ३० किलोमीटर वेग असता, धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी ८ मीटर पुढे जाते. मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावला तरी आणखी सुमारे ६ मीटर लागतात. वेग ६० झाला की पहिले अंतर दुप्पट होते, दुसरे चौपट. एकूण ४० मीटर! शिवाय ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचे बहुतेक काम तेच चाक करते. केवळ मागचा ब्रेक दाबणारा स्वार आपली अर्धी शक्तीही वापरीत नाही.

२०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली; त्यांतील शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होती. शिरस्त्राणाने, म्हणजे हेल्मेटने, मृत्यूचा धोका शेकडा सुमारे ४२ आणि डोक्याच्या दुखापतीचा शेकडा सुमारे ६९ इतका घटतो, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून आढळले आहे. पण पट्टा बांधलेला नसेल तर ते आपटताच उडून जाते. मागे बसणाऱ्या गृहिणींनी पदर व ओढणी आवरून घ्यावी. मागील चाकावरची जाळी काढून टाकू नये. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी २०२३ पासून शिरस्त्राण आणि स्वाराशी बांधणारा पट्टा सक्तीचा आहे, आणि मूल मागे असता वेग ताशी ४० च्या आत हवा.

आता सराव. सकाळी एखादे मोकळे मैदान पाहावे, खडूने रेघ ओढावी, मागे कोणास बसवू नये. ताशी २० च्या वेगाने यावे आणि रेघेवर दोन्ही ब्रेक एकदम न आवळता, पिळत पिळत लावावेत. हँडल सरळ, नजर दूर. नजर खड्ड्यावर खिळली की गाडीही तिकडेच ओढली जाते. दहा-बारा वेळा जमले की वेग थोडा वाढवावा. रेघेपासून गाडी किती पावलांवर थांबली, हे घरातील मुलांना मोजावयास सांगावे. त्यांना ते काम फार आवडते.