म्हाताऱ्या अ‍ॅडम्सचा डच मित्र

अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी १८०२ मध्ये आत्मचरित्र लिहायला घेतलं आणि १८०७ मध्ये ते अर्धवट सोडून दिलं. हकिगत १७८० पर्यंत येते आणि तिथेच तुटते. म्हणजे ज्या कामगिरीचा त्यांना अखेरपर्यंत अभिमान होता, ती हॉलंडची कामगिरी आत्मचरित्रात नाहीच!

पार्श्वभूमी थोडक्यात अशी: १८०० ची निवडणूक जेफरसनकडून हरल्यावर अ‍ॅडम्स मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या आपल्या शेतावर परतले आणि पुढची पंचवीस वर्षं पुस्तकं, पत्रं आणि शेती यांत रमले.

आता ती हॉलंडची कामगिरी. १७८० च्या उन्हाळ्यात अ‍ॅडम्स हॉलंडला पोचले तेव्हा सरकारदरबारी त्यांना कुणी दारातही उभं करत नव्हतं. इंग्लंडला दुखवून अमेरिकन बंडखोरांच्या वकिलाला मान्यता देणार कोण? अ‍ॅडम्सनी लायडनला बिऱ्हाड केलं, मुलांना तिथल्या विद्यापीठात घातलं, एप्रिल १७८१ मध्ये डच संसदेसाठी निवेदन लिहिलं आणि ते इंग्रजी, डच, फ्रेंचमध्ये छापून वाटलं. मग अ‍ॅमस्टरडॅममध्ये तापाने मरता मरता वाचले. अखेर १९ एप्रिल १७८२ ला मान्यता मिळाली. जूनमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सावकारांनी पन्नास लाख गिल्डरचं कर्ज दिलं, ऑक्टोबरमध्ये व्यापारी करार झाला. इकडे भारतात महादजी शिंद्यांनी घडवून आणलेला मराठे-इंग्रजांमधला सालबाईचा तह १७ मे १७८२ चा. इंग्रजांना त्या काळी किती आघाड्या सांभाळाव्या लागत होत्या, ते या तारखा शेजारी ठेवल्या की ध्यानात येतं.

आत्मचरित्रात राहिलेली ही कहाणी अ‍ॅडम्सनी १८०९ ते १८१२ दरम्यान ‘बॉस्टन पेट्रियट’ या वर्तमानपत्रात पत्रं लिहून सांगितली. निमित्त होतं त्यांच्याच पक्षातला प्रतिस्पर्धी हॅमिल्टनने १८०० मध्ये त्यांच्यावर केलेल्या छापील टीकेचं. हॅमिल्टन १८०४ मध्येच द्वंद्वयुद्धात मारला गेला होता, तरी अ‍ॅडम्सचा राग निवळला नव्हता. जुने कागद काढून ते जसेच्या तसे छापायला देत. लेखमाला विस्कळीत आहे, पण मुत्सद्देगिरीच्या अभ्यासकाने तिच्यातला हॉलंडचा भाग सोडू नये.

खरी गोडी मात्र खासगी पत्रांत आहे, त्यातही फ्रान्सिस व्हॅन डर केम्प यांना लिहिलेल्या. १७५२ मध्ये कांपेनला जन्मलेले केम्प लायडनचे मेनोनाइट धर्मोपदेशक. अमेरिकेच्या बाजूची कागदपत्रं त्यांनी १७८१ मध्ये डचमध्ये छापली. १७८७ मध्ये प्रशियाच्या फौजेने डच देशभक्तांचं बंड मोडलं, त्यांच्यातलेच केम्प त्या वर्षी तुरुंगात होते. पुढल्याच वर्षी ते अमेरिकेला निघाले, सोबत अ‍ॅडम्सची ओळखपत्रं घेऊन.

अखेर ते न्यूयॉर्क राज्यातल्या ओल्डेनबार्नेव्हेल्ड या खेड्यात स्थिरावले. हेगला १६१९ मध्ये शिरच्छेद झालेल्या मुत्सद्द्याचं नाव या गावाला दिलेलं! गाव वसवलं हॉलंड लँड कंपनीने, आणि तिच्या भागीदारांत विलिंक आणि व्हॅन स्टापहॉर्स्ट ही घराणी होती. अ‍ॅडम्सना कर्ज देणारे सावकार हेच.

या खेड्यातून क्विन्सीला पत्रं जात. धर्म, इतिहास, प्राणिविज्ञान, कुठलाच विषय वर्ज्य नव्हता. दोघांचा जुना स्नेही, ‘गॅझेट द लेड’ या वर्तमानपत्राचा संपादक जां लुझाक १८०७ मध्ये लायडनच्या कालव्यात दारूगोळ्याचं जहाज उडालं त्यात गेला. आज त्या उद्ध्वस्त वस्तीच्या जागी व्हॅन डर वेर्फ उद्यान आहे. लायडनला जाणाऱ्याने तिथे थोडं थांबावंच. पुढे अ‍ॅडम्सचा हात थरथरू लागला, डोळे अधू झाले, पत्रं घरच्यांना सांगून लिहवून घ्यावी लागली. उत्साह मात्र तसाच. जेफरसनला लिहिलेल्या पत्रांत तर ते हिंदू शास्त्रांवरही चर्चा करतात. अ‍ॅडम्स आणि केम्प यांच्या मैत्रीतूनच जेफरसनचं येशूच्या शिकवणुकीवरचं टिपण केम्पांच्या हाती आलं. केम्पांनी परवानगी मिळवून ते १८१६ मध्ये लंडनच्या मासिकात निनावी छापवलं. धर्मावर जाहीर बोलायला कचरणाऱ्या जेफरसनने एका डच निर्वासितावर एवढा विश्वास टाकावा, ही या पत्रव्यवहाराची मोठीच कमाई.

केम्पांनी म्हातारपणी न्यूयॉर्कच्या डच वसाहतकाळातल्या दप्तराचं चोवीस खंडांत भाषांतर केलं. त्यात चुका पुष्कळ होत्या, आणि १९११ मध्ये ऑल्बनीच्या राज्य ग्रंथालयाला लागलेल्या आगीत ते जळालंही. अ‍ॅडम्सची त्यांना आलेली पत्रं मात्र फिलाडेल्फियाच्या संग्रहात शाबूत आहेत. वाचायची तर १६ फेब्रुवारी १८०९ च्या पत्रापासून सुरुवात करावी. मानवजातीला सुसंस्कृत करण्यात यहुद्यांचा वाटा सर्वांत मोठा, असं अ‍ॅडम्स त्यात व्हॉल्टेरशी भांडत ठासून सांगतात.