म्युनिकला नेमकं काय दिलं?

शाळेत ‘म्युनिक करार’ची टीप ठरलेली असायची. सप्टेंबर १९३८, हिटलर, मुसोलिनी, चेंबरलेन, दलादिए, सुडेटनलँड जर्मनीला दिला. झालं, दोन मार्क खिशात! पण ‘सुडेटनलँड दिला’ म्हणजे नक्की काय दिलं, हे टीपेत कधी येत नाही. आणि गंमत म्हणजे ते समजून घ्यायला इतिहासवाल्यांपेक्षा आपले सिव्हिल-मेकॅनिकलवालेच जास्त लायक आहेत.

आधी थोडं रिव्हिजन. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला एक लाखाच्या वर सैन्य ठेवायला बंदी होती. रणगाडे नाहीत, लढाऊ विमानं नाहीत, आणि फ्रान्सला लागून असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये एकही सैनिक नाही. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला आणि मार्च १९३५ मध्ये त्याने सक्तीची सैन्यभरती जाहीर करून टाकली. ब्रिटनने काय करावं? जूनमध्ये त्याच्याशी वेगळा करार करून ‘आमच्या ३५ टक्क्यांपर्यंत आरमार बांधा’ अशी मुभा दिली! मग ७ मार्च १९३६ ला जर्मन तुकड्या ऱ्हाइनलँडमध्ये शिरल्या. फ्रेंच सैन्य तेव्हा कितीतरी भारी होतं. पण सेनापती गामेलाँ यांचं म्हणणं, काही करायचं तर सगळं राखीव सैन्य बोलवावं लागेल. आणि निवडणुका तर तोंडावर. ब्रिटनमध्ये सूर असा, की जर्मन त्यांच्याच परसात चाललेत, आपलं काय जातं? फ्रेंच पुढे आले असते तर शेपूट घालून परतावं लागलं असतं, असं हिटलर नंतर स्वतःच म्हणाल्याचं त्याच्या दुभाष्याने लिहून ठेवलंय.

१२ मार्च १९३८ ला ऑस्ट्रियाचा नंबर लागला. १९३४ मध्ये तिथल्या नाझींनी चॅन्सेलरचा खून केला, तेव्हा मुसोलिनीने सरहद्दीवर सैन्य पाठवलं होतं. आता तो हिटलरचा दोस्त, त्यामुळे गप्प. ब्रिटन-फ्रान्सने निषेधाचे खलिते धाडले. जर्मन रणगाड्यांची तयारी एवढी ‘जय्यत’ की वाटेतल्या पेट्रोल पंपांवर इंधन भरत ते व्हिएन्नाला पोहोचले. पण नकाशा बदलला. झेकोस्लोव्हाकियाचा पश्चिम भाग आता तीन बाजूंनी जर्मनीच्या जबड्यात होता.

या देशाच्या कडेच्या डोंगराळ पट्ट्यात सुमारे तीस लाख जर्मनभाषक राहत. हाच सुडेटनलँड. हिटलरची मागणी वरवर साधी: आमची माणसं, आम्हाला द्या. पण सरहद्द डोंगरातून जात असल्यामुळे झेक लोकांनी १९३५ पासून आपली मुख्य तटबंदी याच पट्ट्यात उभी केली होती. सुमारे दहा हजार छोटे काँक्रीट बंकर आणि दोनशेच्या वर मोठे. छोट्या बंकरचं डिझाइन बघण्यासारखं आहे. शत्रूकडच्या भिंतीला एकही भोक नाही. तिथे जाड काँक्रीट, त्यावर दगड-मातीचा थर. मशीनगन दोन्ही कुशींतून आडव्या मारा करणार, आणि प्रत्येक बंकर शेजारच्याच्या पुढची जमीन सांभाळणार. काम अपुरं होतं हे खरं. अनेक मोठ्या किल्ल्यांत तोफा बसायच्या होत्या, ऑस्ट्रियाकडची बाजू कच्ची होती. तरी नंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात फील्ड मार्शल मानश्टाइनने साक्ष दिली, की झेक लढले असते तर ही तटबंदी फोडायची साधनं आमच्याकडे नव्हती.

मागे प्लझेनला स्कोडाचा शस्त्रांचा अवाढव्य कारखाना, ब्र्नोला बंदुकांचा. आपल्या लष्कराने वर्षानुवर्षं वापरलेली ब्रेनगन मुळात याच ब्र्नोची. ब्र्नो अधिक ब्रिटनमधलं एनफिल्ड, म्हणून ‘ब्रेन’. म्हणजे झेक माल काय दर्जाचा आहे, हे इंग्रजांना चांगलं ठाऊक होतं.

मग दिलं का? चेंबरलेनला घाबरट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पहिल्या महायुद्धाला जेमतेम वीस वर्षं झाली होती. लंडनच्या बागांत खंदक खणले जात होते, लोकांना गॅस मास्क वाटले होते. हरिकेन विमानं मोजकी, स्पिटफायर तर नुकतीच यायला लागलेली. फ्रान्सचा झेकांशी करार होता, पण ब्रिटनशिवाय हलायची तयारी नव्हती. सोव्हिएत मदत फ्रान्स आधी लढला तरच. मिळालेल्या वर्षात ब्रिटनने विमानं आणि रडार वाढवली, हेही खरं. पण हिशेबाच्या वहीची एकच बाजू लिहिली गेली. त्याच वर्षात समोरच्याला काय मिळणार, ते कोणी मांडलं नाही.

झेकांनी २३ सप्टेंबरला दहा लाखांवर माणूस सीमेकडे उभा केला होता. २९ तारखेला चौघे म्युनिकला बसले. झेक प्रतिनिधींना बैठकीत जागाच नव्हती. मध्यरात्रीनंतर त्यांच्या हातात नकाशा ठेवला. एकही गोळी न झाडता बहुतेक बंकरलाइन पलीकडे गेली. प्लझेन मागे उरलं खरं, पण नवी सरहद्द त्याच्या उंबऱ्याशी आली होती.

१५ मार्च १९३९ ला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. एप्रिलच्या भाषणात हिटलरने मिळालेला माल अभिमानाने वाचून दाखवला: ४६९ रणगाडे, दीड हजारावर विमानं, दोन हजारांवर तोफा. इथे जर्मनभाषकांची सबब चालणार नव्हती. ब्रिटनने ३१ मार्चला पोलंडला हमी दिली, पण तिथे ना तशी तटबंदी, ना तसे डोंगर. २३ ऑगस्टला हिटलर-स्टालिन करार झाला, १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला, ३ तारखेला ब्रिटन-फ्रान्स युद्धात.

मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये घुसलेल्या जर्मन चिलखती डिव्हिजनपैकी तीन झेक रणगाड्यांवर उभ्या होत्या. त्यातल्या एकीचा सेनापती होता रोमेल. झेक बंकरांसमोरचे लोखंडी ‘हेजहॉग’ अडथळे जर्मनांनी उपटून पुढे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रोवले. १९४४ मध्ये उतरलेल्या अमेरिकनांनी किनाऱ्यावरच्या अशा अडथळ्यांचं पोलाद कापलं, त्याचे दात करून आपल्या रणगाड्यांना वेल्ड केले आणि शेताच्या बांधांवरची दाट कुंपणं फोडत ते पुढे निघाले.