रान विकण्याआधी आरोग्यमित्राला गाठा



गेल्या गळिताच्या ऐन भरात आमचे एक सभासद शेतकी ऑफिसात आले. "साहेब, प्लॉट अजून उभा हाय. बिलावर काही ॲडव्हान्स मिळंल का?" चौकशी केली तेव्हा कळले की मंडळींना स्तनाचा कॅन्सर झाला आहे. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झाले, त्यासाठी सावकाराकडून शेकडा तीनने पैसे उचलले. पुढची इंजेक्शने आणि लाईट देणे बाकी होते, आणि ओढ्याकाठचे अर्धा एकर रान विकायचे बोलणे सुरू झाले होते.

"सरकारी योजनेत का नाही घातलंत?" आम्ही विचारले. "ती गरिबांची. आपण बागायतदार, शेअरहोल्डर. पिवळं कार्ड कुठलं आपल्याकडं?"

असा समज आमच्या बहुतेक सभासदांचा आहे, आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकीही काहींचा होता. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच होती. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पुढे जुलै २०२३ मध्ये शासनाने ती सर्व रेशनकार्डधारकांना लागू करण्याचा आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय करण्याचा निर्णय घेतला. त्यात पांढरे कार्डही आले. तेव्हा लाजायचे कारण नाही.

मात्र या योजनेची एक खोच आहे. ती बिनपैशाची आहे, पण भरलेले पैसे परत देणारी नाही. उपचाराआधी मंजुरी घ्यावी लागते. आमच्या सभासदांनी डिपॉझिट भरले, ऑपरेशन करून घेतले, मग पावत्या घेऊन हेलपाटे घातले. ते पैसे गेले ते गेलेच. अपघात, हार्टॲटॅक अशा तातडीच्या वेळी दवाखान्याला फोनवर मंजुरी घेता येते, कागद मागाहून चालतात.

दुसरे असे, की दवाखान्याच्या दारावर योजनेची पाटी असली म्हणजे झाले असे नव्हे. हाडांसाठी मान्यता असलेल्या दवाखान्यात कॅन्सरसाठी ती असेलच असे नाही. म्हणून आत गेल्यावर कॅश काउंटर गाठण्याआधी आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारावे आणि रोगाचे नाव सांगून खात्री करावी. आधीच विचारायचे तर १५५३८८ हा मोफत फोन आहे.

आम्ही त्यांना मान्यता असलेल्या दुसऱ्या दवाखान्यात पाठवले, तर तिथे निराळेच अडले. रेशनकार्डावर बाईंचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे! लग्नाला तीस वर्षे झाली, कोणाला सुचले नव्हते. तहसीलच्या पुरवठा शाखेत मुलाने चार खेपा केल्या तेव्हा नाव जुळले. इकडे डॉक्टरांनी दिलेली तारीख जवळ येत होती. घरात सगळे धडधाकट असताना हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. नोंदीचा ऊस आपण सातबाऱ्याशी ताडून पाहतो, तसे आजच दोन्ही कार्डे शेजारी ठेवून पाहा.

योजनेत न बसणारा आजार निघाला तर धर्मादाय दवाखाना शोधावा. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटावे. बिल झाल्यावर नव्हे, दाखल होतानाच.

काहींनी खाजगी विमा उतरवला आहे. एजंट म्हणतो, "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल." हप्ता त्याचा वाढत नाही, क्लेम आपला बुडतो. खरे लिहूनही कंपनीने नकार दिला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर पुण्या-मुंबईच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

बाईंची इंजेक्शने आणि लाईट योजनेतून पार पडली. रान राहिले. पहिल्या ऑपरेशनचे व्याज मात्र अजून चालू आहे. परवा ते आडसालीच्या नोंदीला आले होते, तेव्हा खिशातून दोन्ही कार्डे काढून गट ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवत होते.