संगणक मंदावला तर

दहा वर्षांचा संगणक सुरू करावा नि तो उठेपर्यंत चहा करून प्यावा, हा अनुभव पुष्कळांना आहे. दोष बहुधा त्याच्या मेंदूचा नसतो बरं का; असतो हार्ड डिस्कचा. ग्रामोफोनसारखी ती तबकडी मिनिटाला सहसा ७२०० फेरे घेते (फक्त इथली सुई तबकडीला टेकत नाही), आणि हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सगळं काम खोळंबतं. त्यातून रॅम ४ जीबीच असली, की तीत न मावलेलं सामानही त्याच तबकडीवर ठेवावं लागतं. म्हणून पैसे थोडे असतील तर आधी एसएसडी बसवा. तीत फिरणारं काहीच नाही. मात्र फोटो, हिशेब अगोदर उतरवून घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी जुनी डिस्क तशीच भंगारात दिली. संगणक झटकन उठतो. नातवाच्या बारशाचे फोटो गेले.