एक्स-रे वाचायला शिकलेलं यंत्र

टीबीच्या शिबिरात आता हातात धरता येईल एवढं एक्स-रे यंत्र येतं. ७ डिसेंबर २०२४ पासून देशात झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत अशी यंत्रं वापरली गेली. फोटो निघतो आणि थोड्याच वेळात संगणक सांगतो, ‘टीबीचा संशय’. जवळ डॉक्टर नसतात. मग फोटो वाचला कोणी?

वाचतं ते ‘न्यूरल नेटवर्क’, म्हणजे थरावर थर रचलेलं गणित. फोटोतला प्रत्येक ठिपका किती काळा, किती पांढरा याचा आकडा होतो. पहिले थर कडा ओळखतात, पुढचे आकार, शेवटचे फुप्फुसावरचा डाग. सुरुवातीला त्याला काहीच येत नाही. डॉक्टरांनी निदान लिहिलेले लाखो जुने एक्स-रे त्याला दाखवतात. उत्तर चुकलं, की चूक किती ते मोजून शेवटच्या थरापासून पहिल्याकडे मागे नेतात आणि प्रत्येक जोडणी किंचित बदलतात; रेडिओचं बटण थोडं थोडं फिरवत स्टेशन लावावं तसं. चूक मागे नेण्याची ही रीत १९८६ साली गाजली. तिच्यावर काम करणाऱ्यांपैकी जेफ्री हिंटन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. मुंबईतल्या क्युअर डॉट एआय कंपनीचं ‘क्यूएक्सआर’ याच जातीचं आहे.

शिकवताना जे दाखवलं तेवढंच त्याला कळतं, ही त्याची मेख. ढाक्यात सुमारे २४ हजार माणसांच्या एक्स-रेवर अशी पाच सॉफ्टवेअरं तपासली. २०२१ साली निकाल छापून आला: तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा ती सरस ठरली, पण म्हाताऱ्या माणसांत आणि पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांत कमी पडली. जुना व्रणही त्यांना नवा आजार वाटू शकतो. म्हणून आधी टीबी झाला असेल तर शिबिरात लपवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये या यंत्रांना मान्यता दिली ती १५ वर्षांवरच्यांसाठीच. लेकरांसाठी डॉक्टरच हवा.

संशय म्हणजे निदान नव्हे. बेडक्याची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट तपासणी झालीच पाहिजे. सकाळी खोलवर खोकून काढलेला बेडका द्यावा, नुसती थुंकी नको. आपल्याकडे खरा घोळ इथंच होतो: एक्स-रे निघतो, बेडका राहतो आणि माणूस कोयता घेऊन कारखान्याच्या गाडीत बसतो. सहा महिन्यांत घरातल्या किती जणांना लागण होईल?

उलटंही होतं. यंत्र ‘ठीक’ म्हणालं, पण दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं चालूच असेल, तर यंत्राचं ऐकू नका. मानेच्या गाठीचा टीबी छातीच्या फोटोत दिसेलच असं नाही.

सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे. नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. ऊसतोडीला निघताना आशाताईंकडून निक्षय क्रमांक लिहून घ्या. त्या क्रमांकावर दुसऱ्या जिल्ह्यातही औषध चालू ठेवता येतं.