बांधीतील खत किती खोल उतरते?

गोंदिया जिल्ह्यास लागून असलेला मध्य प्रदेशातील बालाघाट हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा जिल्हा होय. रोवणीनंतर बांधीत टाकलेल्या युरियाचा काही अंश पिकास न मिळता पाण्याबरोबर खाली झिरपतो. त्यामुळे शेतकऱ्याचा पैसा वाया जातोच, शिवाय विहिरीचे पाणीही दूषित होण्याचा संभव असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे; अधिक प्रमाण तान्ह्या मुलांस विशेष घातक ठरते. म्हणून विरघळलेले खत किती वेगाने व किती खोल जाईल, याचा आगाऊ अंदाज बांधणे अगत्याचे आहे. हा अंदाज ज्या हिशोबाने बांधतात, त्यास गणिती प्रतिमान म्हणतात.

या हिशोबात तीन गोष्टी मुख्य आहेत. पहिली, पाझराचा वेग. फ्रेंच अभियंता हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून वाहणाऱ्या पाण्याविषयी मांडलेला नियम हा याचा पाया होय. उदाहरणार्थ, बांधीतून दररोज ५ मिलिमीटर पाणी पाझरते आणि मातीच्या घनफळाचा निम्मा भाग पाण्याने व्यापला आहे, असे समजू. पाण्यास वाट निम्म्याच जागेतून असल्याने ते दररोज १० मिलिमीटर, म्हणजे महिन्यात ३० सेंटिमीटर खाली सरकेल. दुसरी, मातीची धारणशक्ती. चिकणमातीचे ऋणभारित कण धनभारित अमोनियमला धरून ठेवतात. ऋणभारित नायट्रेट मात्र पाण्याबरोबर निघून जाते. धारणेमुळे अमोनियमचा वेग दशांश झाला, तर ते महिन्यात केवळ ३ सेंटिमीटर उतरेल. तिसरी, पसरण. मोठ्या छिद्रांतून द्राव लवकर, लहान छिद्रांतून उशिरा जातो. म्हणून वरील आकडे सरासरीचे समजावेत. काही अंश त्यापूर्वीच खोल पोचतो.

चिखलणीने छिद्रे बुजून पाझर मंदावतो. पाण्याखालील मातीत प्राणवायू जवळजवळ नसल्याने नत्र बहुतांशी अमोनियमच्या रूपात टिकते. पावसाने ओढ दिली आणि बांधी सुकली, की मातीत हवा शिरते व जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. पुढील पावसात ते मुळांच्या खाली वाहून जाते, किंवा वायुरूपाने नष्ट होते. देशात २०१५ पासून सक्तीचा झालेला कडुनिंब-लेपित युरिया हे रूपांतर लांबवितो. परंतु थांबवीत नाही.

यास्तव चिखलणी चांगली करावी, बांध पक्के ठेवावेत, युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा आणि मुसळधार पावसाच्या तोंडावर देऊ नये. प्रत्येक शिवाराची माती निराळी असल्याने पाझर व धारणशक्ती ही त्या त्या ठिकाणी मोजूनच प्रतिमान वापरणे इष्ट होय.