संहत आणि संहित

संहत व संहित या दोहोंचाही अर्थ 'एकत्र आलेलें' असा होतो. परंतु त्यांचे धातु निराळे आहेत. संहत हा सम् + हन् यापासून निघाला. हन् म्हणजे मारणें खरें, पण सम् या उपसर्गानें तो घट्ट बिलगण्याचा अर्थ देतो. संहति व संघात हीं त्याचींच भावंडें, गण या अर्थाचा संघ शब्दही पाणिनीनें (३.३.८६) याच धातूपासून साधिला आहे. संहित मात्र सम् + धा यापासून, 'त' प्रत्ययापूर्वीं धा चा हि होतो (७.४.४२). म्हणून संहति म्हणजे जमाव, तर संहिता म्हणजे जोडणी. पोथींत एका वेलांटीनें धातु पालटतो, आणि अर्थ दोहोंनीं जुळत असल्यास चूक उमगतही नाहीं. सबब पाठ छापतांना मूळ अक्षर जसेंच्या तसें नोंदावें.